शर्वरीच्या वेबसाइटला आमचे पाचपैकी पाच

तात्यापारा म्हणजे हिंदी मुलखातला आमचा मराठी मोहल्ला. इथं किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. खिडकी उघडी ठेवली की घर भरतं. परवा भाजीवालीपाशी सुलभावहिनी कोणाला तरी सांगत होत्या, "शर्वरीची नोकरी जाऊन राहिली म्हणे! अन् तीही आपल्याच बायांमुळे. कारण आपण..." तेवढ्यात शर्वरीची आई आली आणि वहिनी मन लावून भेंडी निवडू लागल्या!

शर्वरी म्हणजे आमच्या शेजारची पोट्टी. शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात सहा महिन्यांच्या करारावर लागलेली. त्यांनी एक वेबसाइट बनवली होती: नेटवरचं पान आवडलं की त्यावर खूण करून ठेवायची, कडेला आपलं मत लिहायचं, मग ते गटातले सगळे वाचतात. साध्या माणसांना हे जमतं का, ते शर्वरीनं तपासायचं. अहवाल पटला तर करार वाढणार, नाहीतर रामराम. म्हणून आम्हा पाच जणींना तिनं घरी बोलावलं होतं.

* * *

नियम पहिला: तिनं मदत करायची नाही. ऑफिसात शिकवलेलं वाक्य तिनं तसंच हिंदीत म्हटलं, "काकी, मैं कुछ नहीं बताऊँगी. जो मन में आए, बस बोलते जाइए."

मी खूण करायचं बटण शोधत बसले आणि मनात येईल ते बोलत गेले. तिनं सगळं टिपून घेतलं. नंतर पाहिलं तर बटणाबद्दल एक ओळ, आणि दोन पानं माझ्या जाऊबाईंबद्दल!

* * *

सुलभावहिनींनाही बटण सापडेना. शर्वरी गप्प. "काहून बोलून नाही राहिली गं? माझं काही चुकलं का?" तरी गप्प! वहिनी उठून तडक स्वयंपाकघरात तिच्या आईकडे गेल्या. "अहो, पोट्टीचं मन लागत नाही कशात. स्थळं पाहायला घ्या."

* * *

कुंदामावशी रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या. "या पानावर खूण करून ठेवा," म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून डायरी काढली आणि पानाचा पत्ता सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला.

"झाली खूण! लाइट गेली तरी जात नाही."

* * *

शेवटी फॉर्म आला. वापरायला किती सोपं? पाचपैकी मार्क द्या.

बटण एकीलाही सापडलं नव्हतं. पण तिच्या आईच्या हातचे पोहे खाऊन पोरीच्या कामाला नावं कोण ठेवणार? सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले. कुंदामावशींनी सहा!

साहेबांनी अहवाल परत पाठवला. "बटण कोणाला सापडलं नाही, तरी सगळ्या खूश? असला अहवाल चालणार नाही." शर्वरी दोन दिवस जेवली नाही.

* * *

मग साहेबांनी स्वतः ती वेबसाइट उघडली. कडेला मत लिहायची जागा मात्र आम्हाला पहिल्या झटक्यात सापडली होती! आम्हाला वाटलं, ते आपल्या पाच जणींतच राहणार. साहेबही गटात आहेत, हे कोणाच्या ध्यानातच नाही.

मी लिहिलं होतं, "बटण इतकं बारीक काहून? साहेबाले चष्मा नसेल. शर्वरीले सांगू नका, बिचारी लई मेहनत करून राहिली." खाली वहिनी: "हव, मले तर दिसलंच नाही."

त्याखाली साहेबांनी लिहिलं, "चष्मा आहे. बटण मोठं करतो."

करार तीन महिने वाढला. नोकरी वाचली, सुट्टी झाली ती आमची! पुढची चाचणी ओळखीच्या बायांवर घ्यायची नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला भनपुरीत जायचं, जिथं शर्वरीला कोणी ओळखत नाही, असा साहेबांचा हुकूम.

वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "घाबरू नको बेटा. भनपुरीत माझी नणंद राहते. आताच फोन करून ठेवते!"