सिद्धारामने समुद्र पाहिला

सोलापूरच्या आमच्या शाळेत विशेष मुलं शिकतात. त्यांना समुद्र दाखवूया, असं मी पालकसभेत बोलून बसले आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. जमेल का आपल्याला? कुणाला गोंगाट सोसत नाही, कुणाला चालता येत नाही, आणि सिद्धारामला तर कुणी हात धरलेलाही चालत नाही. दहा वर्षांचा हा मुलगा आजवर एक शब्दही बोलला नव्हता. त्याला सोडायला वळसंगहून आलेली त्याची आई म्हणाली, "टीव्हीत समुद्र दिसला की लई हसतोय, बाई. न्या की त्याला. सासूबाई आजारी हायत, मला यायला जमत न्हाय. पर तुमी हाय की." निघण्याआधी मी सिद्धेश्वराच्या देवळात गेले. काय मागावं तेच सुचेना. नुसती हात जोडून उभी राहिले.

कोकणातल्या त्या समुद्रकाठच्या बागेपाशी बस थांबली आणि मुलांनी एकच कल्लोळ केला! सुरूच्या झाडांमधून निळं पाणी चमकत होतं. व्हीलचेअरवरची आमची रुक्साना टाळ्या पिटत "चलो, चलो" ओरडत होती. कधी नव्हे ते सगळे एकदम हसत होते. माझ्याही अंगावर आनंदाने काटा आला. तेवढ्यात बागेतल्या छोट्या आगगाडीची कर्कश शिट्टी वाजली. रुक्साना दचकली, मी तिच्याकडे वळले, आणि परत पाहते तो सिद्धाराम जागेवर नव्हता.

सोबत आलेल्या आमच्या काळेसरांनी बाकीच्या मुलांना हिरवळीवर बसवलं, बागेचा रखवालदार फाटकाकडे पळाला. मी थेट समुद्राच्या बाजूला धावले. हाका मारण्यात अर्थ नव्हता. तो हाकेला ओ देत नाही. धावून धावून दम संपला, तशी मी वाळूत बसले आणि म्हणाले, "सिद्धेश्वरा, माझं सगळं करून झालं. आता लेकरू तुझं आहे, तूच सांभाळ." आणि खरं सांगते, त्या क्षणी छातीतली धडधड शांत झाली. कानांना पुन्हा ऐकू येऊ लागलं. सुरूच्या झाडांमागून कुणीतरी कानडीत बोलत होतं, "बारो तम्मा, नीर नोडू." ये रे बाळा, पाणी बघ.

मी उठून धावले. इरकली नेसलेल्या एक बाई सतरंजीवर मुलाबाळांसह जेवायला बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, मांडी घालून, सिद्धाराम कडक भाकरी शेंगाचटणीशी कुरुमकुरुम खात होता!

"तुमचा हाय व्हय?" बाई म्हणाल्या. "आमी पोरांशी कानडीत बोलत हुतो, तर ह्यो आपला आपण येऊन बसला बगा. आमी अक्कलकोटाकडचं. सकाळीच निघणार हुतो, पर गाडी पंक्चर झाली."

सिद्धारामच्या घरी आजीशी सगळं बोलणं कानडीतच चालतं. शेकडो मैलांवर, अनोळखी गर्दीत, त्याला घरचा आवाज भेटला होता. मी बाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला वरच्यावर धरलं आणि माझ्याही हातावर भाकरी ठेवली.

मग आम्ही सगळेच पाण्याकडे निघालो. काळेसर आणि बाईंच्या मुलांनी रुक्सानाला खुर्चीसकट उचललं. पहिली लाट पायावर आली तसा सिद्धाराम थबकला. मग त्याने स्वतःहून माझं बोट पकडलं आणि ओरडला, "नीर! नीर!" मी लुगड्याची पर्वा न करता त्याच्याबरोबर गुडघाभर पाण्यात शिरले. आम्ही दोघं नाचत होतो, आणि मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. तिथूनच त्याच्या आईला फोन लावला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. मग ती हळूच म्हणाली, "त्योच बोलतोय न्हवं, बाई?"

"व्हय, त्योच," मी म्हणाले.

ती गाडी का पंक्चर झाली, याचा मी शोध घेत नाही. मुलांना जपायचं ते मी आजही जिवापाड जपते. पण माझे हात पुरत नाहीत तिथून पुढे सिद्धेश्वराचे हात सुरू होतात, एवढं मला त्या वाळूत बसल्यावर कळलं. दर सोमवारी देवळात जाते, आणि आता काही मागावंसंच वाटत नाही.