काचेवरचा आकडा

सोमवारी सकाळी माझा भाऊ सुधाकर वारला. तो लातूरहून नांदेडला टॅक्सी घेऊन येत होता. अहमदपूरच्या पुढे रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलीला गाडी धडकली.

तेराव्यानंतर मी ऑफिसला गेले. मी गाडीच्या सुट्या भागांच्या कंपनीत युजर रिसर्च करते. म्हणजे नवी वस्तू लोकांना वापरायला द्यायची आणि ती कशी वाटली ते विचारायचं. तेव्हा हेड-अप डिस्प्ले हाती होता. यात वेगाचा आकडा, वळणाचा बाण आणि फोन करणाऱ्याचं नाव समोरच्या काचेवर, रस्त्याच्या रेषेतच दिसतं. मीटर बघायला मान खाली घालावी लागत नाही. सुधाकरने नेमकी तेव्हाच मान खाली घातली असेल, असं मी मनात धरून चालले होते.

यंत्रं मी सुट्टीवर असताना लातूरच्या त्याच्याच स्टँडवरच्या गाड्यांत बसवली होती. मी प्रश्नावली घेऊन गेले. सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले. मॅनेजर सर खूश झाले. इतकी एकमुखी उत्तरं मी कधी पाहिली नव्हती, म्हणून परत गेले आणि रहीमभाईंच्या शेजारच्या सीटवर बसून नांदेडला निघाले. रहीमभाई सुधाकरचे जुने दोस्त.

डॅशबोर्डवरच्या यंत्रावर टॉवेल होता.

"रहीमभाई, हे झाकलंय."

"धूळ बसती ना, ताई."

"पण तुम्ही पाच दिलेत."

त्यांनी एक ट्रक पुढे जाऊ दिला.

"आता काय सांगू? घरचं माणूस गेलं तुमचं. पंधरा दिवसांत तुम्ही कागद घेऊन उभ्या. तोंडानं काही बोलल्या न्हाईत, पण आमाला कळत न्हाई का? सगळ्यांनी ठरवलं, ताईला न्हाई म्हणायचं न्हाई. गणपत चार द्यायला लागला होता. त्याला म्हणलं, एका मार्कानं तुझं काय जातंय रे?"

"आता खरं सांगा."

"बाण नको. ह्या रस्त्यावर मला बाण काय दाखवणार? फोन आला की काचेवर नाव येतं, ते तर लईच वंगाळ. बायकोचं नाव दिसलं की रस्ताच दिसत न्हाई."

"आणि आकडा?"

"आकडा बरा हाय. पण तुमच्या सीटवरून वाकलं की दिसतो. पॅसेंजर म्हणतात, सत्तरच का, दाबा की चाचा. आधी कोणी बोलत न्हवतं. चारदा टोकलं की पाय जातोच खाली. म्हणून टॉवेल."

ज्याने अपघात टळेल असं मी समजत होते, ते वेग वाढवत होतं. आणि माझ्या रिपोर्टवर ते त्या रस्त्यावरच्या सगळ्या टॅक्सींना बसणार होतं.

सरांना भेटले. "ही उत्तरं वापरता येणार नाहीत."

"का? सगळे पाच आहेत."

"म्हणूनच."

"कारण काय लिहायचं?"

"उत्तरं देणारे मला ओळखतात."

"ते आधीही ओळखत होते."

"हो. तेव्हा भाऊ होता."

सरांनी स्क्रीनवरचा रिपोर्ट बंद केला. मग म्हणाले, "निलंग्याला पाठवू कुणाला तरी."

निलंग्याला माझा सहकारी गेला. त्याला तिथे कोणी ओळखत नव्हतं. त्याच्या घरी सगळे ठीक होते. त्याला दोन मिळाले, चार मिळाले, एकाने शून्य लिहून खाली रेघ मारली. बाण आणि फोनवाल्याचं नाव काढून टाकलं. आकडा फक्त चालकालाच दिसेल असं करायला सांगितलं, त्याला कंपनीने वेळ घेतला. तोवर बसवणं थांबलं.

यातून एक नियम मी नव्या लोकांना सांगते. ज्याच्या घरातलं कुणी नुकतं गेलंय, त्याला ओळखीच्या लोकांत सर्व्हेला पाठवू नका. लोक त्याला मत देत नाहीत, धीर देतात.

नवं यंत्र आता रहीमभाईंच्या गाडीत आहे. ते त्यावर टॉवेल टाकत नाहीत. सुधाकरची नजर त्या वेळी कुठे होती, हे मला माहीत नाही. कळायला मार्गही नाही.