हिरवा पडलेला फिरोजा

मैत्रिणींनो, मीच लहानाचा मोठा केलेला माझा दीर आज जामखेडच्या सराफाकडून अंगठी घेऊन आला. माझ्या गेलेल्या नवऱ्यानं वीस वर्षं घातलेली ती. त्यातला हिरवा पडलेला फिरोजा फक्त सैल झाला होता.

आज तो लख्ख निळा होता.

"बघा भाभी, लई घासून धुतलाय!"

पण मी वाचलं होतं. फिरोजा हे सच्छिद्र फॉस्फेट खनिज आहे. ते अंगाचं तेल, घाम शोषून हिरवं पडतं आणि धुऊन परत निळं होत नाही. मी सुई तापवून टेकवली, तर प्लॅस्टिकचा वास आला.

"हिरवा खडा कोण घालतं? तो सराफाला देऊन नवा बसवला," दीर म्हणाला.

"अरे, त्यात तुझ्या भावाचा घाम होता."

तो हसला. "घाम काय जपायचा, भाभी?"

तुम्ही काय म्हणाल्या असतात?