डिसमिसनं ऐकलेली पेटी

"बाबा, तुम्ही येऊ नका," असं मुलगी फोनवर म्हणाली. म्हणजे ती तिच्या आईला म्हणाली आणि आईनं ते माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं. माझ्यासाठीचे सगळे निरोप आमच्या घरात असेच येतात. त्यामुळे चिंचणीतल्या आमच्या आळीपासून काहीच लपून राहत नाही. घोलवडला चिकूच्या एका वाडीत जुन्या पॅकिंग शेडमध्ये गाण्याचे छोटे कार्यक्रम होतात. तिथं रविवारी संध्याकाळी तिचं गाणं होतं. माइक नाही, स्पीकर नाही. पन्नासेक माणसं जवळ बसून ऐकणार. तुम्हाला एक अक्षर ऐकू येणार नाही, उगाच कंटाळून जाल, असं तिचं म्हणणं.

मला राग आला. ती खरं बोलत होती, म्हणून जास्तच आला.

"सांग तिला, मी येणार. आणि पुढं बसणार."

माझे कान तारापूरच्या एका सूत कारखान्यात गेले. सव्वीस वर्षं मी तिथं फिटर होतो. कानात घालायला बोळे मिळायचे, ते मी घातले नाहीत. दोष माझाच. बोळे घालून बसलो तर मशीन काय सांगतंय ते कळणार कसं, अशी तेव्हा घमेंड होती. आमच्याकडे स्क्रू आवळायच्या हत्याराला डिसमिस म्हणतात, गुजरात जवळ आहे ना. माझा डिसमिस हातभर लांब आणि लाकडी मुठीचा. टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. खात्यात कितीही गोंगाट असो, त्या एका बेअरिंगची कुरकुर हाडातून बरोबर कळते. मुलगी आठेक वर्षांची असताना घरामागच्या पाण्याच्या मोटरवर तिलाही एकदा असं ऐकवलं होतं. "आत कुणीतरी दळतंय," म्हणाली आणि अर्धा तास तिथून हलली नाही.

तिला नाद होता तो आवाजाचाच. मी नाइट करून सकाळी घरी यायचो तेव्हा ही पेटी काढून बसलेली असायची. मी खेकसायचो, "बंद कर ते." ती भाता मिटायची आणि पेटी उचलून मावशीकडे जायची. ती शिकली ती मावशीच्या ओटीवर. आता तलासरीच्या एका शाळेत मुलांना गाणं शिकवते, लोक तिला बोलावून ऐकतात. मला ऐकू येत होतं तेव्हा मी तिला गप्प केली आणि आता ती गाते तर मला ऐकू येत नाही. हे मला सहन होत नव्हतं. मला तिचं गाणं एकदा, निदान एकदा, ऐकायचं होतं. कंटाळा येईल म्हणे!

कानात घालायचं यंत्र आहे माझ्याकडे. ते घातलं की साधं भांडं पडलं तरी डोकं भणभणतं आणि मध्येच ते स्वतःच शिट्टी मारतं. ते मी कपाटात ठेवलं आणि कापडी पिशवीत डिसमिस घेतला.

बायकोनं बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील शेजारणीच्या भरवशावर सोडले आणि आम्ही डहाणूची एसटी धरली. पाण्याची बाटली शोधायला तिनं पिशवीत हात घातला आणि हाताला डिसमिस लागला.

"गाण्याला चाललात की कुणाची मोटर उघडायला?"

अख्खी एसटी हसली असावी. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

घोलवडला आम्ही पाचच्या आधीच पोचलो. शेड छान केली होती. चिकूच्या खोक्यांच्या फळ्या जोडून वीतभर उंचीचा चौथरा, त्याच्यासमोर सतरंज्या आणि मागं थोड्या खुर्च्या. कार्यक्रम चालवणारा दाढीवाला तरुण आम्हाला खुर्च्या दाखवत होता. मी बोललो होतो तसा थेट चौथऱ्याला लागून बसलो. मुलीनं मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग हसली. तिच्या शेजारी तबल्यावर तिच्याच शाळेतले एक सर होते.

पहिलं गाणं सुरू झालं. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. गळ्याची शीर ताणली जात होती. मागं वळून पाहिलं तर लोक माना डोलावत होते, एका बाईंचे डोळे मिटलेले. मला काही नाही. ढिम्म. टीव्हीचा आवाज बंद करून नुसतं चित्र बघावं तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दुसरं गाणंही तसंच गेलं. टाळ्या वाजवताना मला माझीच लाज वाटली. स्वतःच्या मुलीसमोर सोंग करत बसलो होतो.

तिसऱ्या गाण्याला मी डिसमिस काढला, टोक चौथऱ्याच्या फळीवर ठेवलं आणि मूठ कानामागं दाबली. तबला तेवढा धाडधाड आला. त्याच्या आड पुसटसं काहीतरी हलत होतं. मी जागा बदलली. एक फळी, दुसरी फळी, मग पेटीच्या जवळची. फिटर असंच करतो, दुखरी जागा सापडेपर्यंत.

दाढीवाला वाकून माझ्यापाशी आला. काहीतरी बोलला, अगदी हळू आणि नम्रपणे. मी बायकोकडं पाहिलं. तिची सवय ती, भर कार्यक्रमात ओरडली, "ते म्हणतात, लोकांना त्रास होतोय, मागं बसा!"

"सांग त्यांना, नाही बसत," मी म्हणालो. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. तोही ओरडूनच निघाला असणार, कारण सगळ्यांच्या माना वळल्या. "माझी मुलगी गातेय. तुम्हाला फुकटात ऐकू येतं. मला कष्ट करून ऐकावं लागतं, ते मी करतोय. मी हलणार नाही."

तबल्यावरचे हात थांबले. मुलगी लालबुंद झाली. आता ही मला सगळ्यांदेखत बाहेर काढणार, असं मला वाटलं. काढलं असतं तरी मला बोलायला तोंड नव्हतं. तिची पेटी मी किती वेळा बंद करायला लावली होती.

ती उठली. पेटी दोन्ही हातांनी ओढत चौथऱ्याच्या कडेला आणली, माझ्या गुडघ्यापाशी. तबलेवाल्या सरांना हातानं थांबायची खूण केली. मग वाकून तिनं डिसमिसचं टोक धरलं आणि पेटीच्या लाकडावर नेमकं टेकवलं. लोकांना काहीतरी सांगितलं. काय ते मी नंतरही विचारलं नाही. दाढीवाला तिथंच खाली बसला.

तिनं भाता हलवला.

आधी श्वास आला, भात्याचा. मग खर्जाचा सूर, जाडजूड, थेट दाढेत. त्याच्यावर दुसरा. मी डोळे मिटले. शब्द एकही कळला नाही, खोटं सांगणार नाही. वरचे सूर अर्धे गळून जात होते. पण चाल कळली. आमच्या किनाऱ्यावर हळदीला बायका गातात त्यातलं ते गाणं होतं. माझ्या हळदीला माझ्या आईनं म्हटलेलं, कान शाबूत होते तेव्हा. दुसऱ्या ओळीला चाल खाली उतरते आणि एका सुरावर टेकते, तिथं बायका सगळ्या मिळून थांबायच्या. मुलगीही तिथं थांबली. मी रडलो. पन्नास माणसांसमोर, कानाला डिसमिस लावून रडलो, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी तिला घेरलं. वा, काय सुंदर, असं चाललं असावं. गर्दी ओसरल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि बोटं नाचवून तिनं विचारलं, कसं झालं?

"पेटीत एक सूर खरखरतोय," मी म्हणालो.

बायकोनं कपाळावर हात मारला. मुलगी मात्र माझ्याकडं बघतच राहिली. मग माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "कुठला?"

मी डिसमिस पुन्हा टेकवला. ती एकेक पट्टी दाबत गेली. "हा नाही. हा नाही. पुढं. हा!" चाल जिथं टेकत होती तोच सूर. तिनं पुन्हा दाबला, कान जवळ नेला आणि डोक्याला हात लावला. पेटी तिथंच उघडली. आत ओळीनं पितळी सूर, म्हणजे वाजणाऱ्या जिभल्या, बसवलेले होते आणि त्यातल्या एकाचा स्क्रू सैल झाला होता. माझा डिसमिस त्या स्क्रूपुढं केवढा तरी मोठा. दाढीवाला उठला आणि कुठूनतरी चष्म्याचा बारका डिसमिस घेऊन आला. माझ्या हातात देताना "काका" म्हणाला, ते मला ओठांवरून कळलं. मी स्क्रू आवळला.

तिनं तो सूर धरून ठेवला, मी ऐकला. स्वच्छ होता.

"महिनाभर वाजवतेय मी ही," ती कानाशी ओरडली, "मलाच कळलं नाही. पुढच्या वेळी तासभर आधी या, बाबा. पेटी ऐकून द्या, मगच मी गायला बसेन."

"येईन," मी म्हणालो. "नको म्हणालीस तरी येईन."