खांब आणि त्याचे दोन बास

“सुताराने मापाला भ्यावं, माणसाला नाही,” असं तो येताजाता म्हणायचा. चहा गाळताना म्हणायचा, बुटाची नाडी बांधताना म्हणायचा. धाकट्या बहिणीला ते इतकं पाठ झालं होतं की त्याने तोंड उघडलं की पुढचे शब्द तीच म्हणून टाकी.

सगळे त्याला खांब म्हणत. ताडमाड उंची, बोलणं मोजकं. आठवड्याचे सहा दिवस तो दारं-खिडक्यांच्या कारखान्यात दारं घासून गुळगुळीत करायच्या मशीनवर उभा असे, आणि सातव्या दिवशी दुपारी वाचनालयाच्या माडीवर स्वतःएवढाच उंच लाकडी बास, खर्जातलं तंतुवाद्य, छातीशी धरून उभा राही. बहीण पियानोवर, पेठेतला न्हावी ड्रमवर. तिघे मिळून जॅझ वाजवत. न्हावी म्हणायचा, “एक खांब दुसऱ्या खांबाला मिठी मारून उभा, आणि छपराचा भार मात्र माझ्या डोक्यावर!”

वीस वर्षं हे असं चाललं. माडीवर साठ लाकडी खुर्च्या होत्या आणि त्यांवर बसणारी माणसंही ठरलेली. बारावी खुर्ची पोस्टातून निवृत्त झालेल्या सेक्रेटरींची. माडीवरचे कार्यक्रम ठरवणाऱ्या संगीत मंडळाचा शब्द म्हणजे त्यांचा शब्द. त्यांच्या घरी जुन्या तबकड्यांनी भरलेली तीन कपाटं होती आणि त्यांचा नियम एकच: स्टेजवर विजेची वायर दिसता कामा नये. निवेदनाचा माइकसुद्धा ते बोलून झाल्यावर स्वतः उचलून न्यायचे, जसं काही उष्टं ताट.

बहिणीला पहिल्यांदा शंका आली ती खांबाच्या मोकळ्या तारांवरून. बासच्या मानेच्या अगदी वरच्या टोकाला स्वर घ्यायचे तर डाव्या हाताची बोटं सगळ्यांत जास्त ताणावी लागतात. दादा तिकडे जाणं टाळू लागला. जिथे दाबलेली तार हवी तिथे मोकळीवर भागवू लागला. मग एका रविवारी त्याचा स्वर कणभर खाली उतरला. कणभरच, पण वीस वर्षं ज्याचं माप चुकलं नाही त्याचा कण म्हणजे तडाच की.

तिने विचारलं नाही. आपल्या डाव्या हाताने पियानोवर तेच स्वर अलगद दाबले, त्याच्या उतरलेल्या स्वरावर आपला स्वर पांघरला. पुढचं अख्खं वर्ष ती तेच करत राहिली. उजव्या हाताने गाणं, डाव्या हाताने भाऊ.

एका सकाळी त्याच्या हातातला दाढीचा ब्रश बेसिनमध्ये पडला. तिने वाकून उचलला आणि त्याचा डावा हात बघितला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खडूसारखं पांढरं पडलं होतं.

“किती दिवस झाले, दादा?”

“मशीन थरथरतं ना. बावीस वर्षं थरथरलं. डॉक्टर म्हणाला, नस मेली ती मेली. आता मशीन सोडलं काय, धरलं काय.”

“आणि बास?”

त्याने बोटं चोळली. मग म्हणाला, “विजेने नेलंय, तर विजेकडूनच परत मागून बघतो.”

महिन्याभरात घरात विजेचा बास आला. गळ्यात अडकवायचा, काळा, सपाट. तारा हलक्या, मान आखूड, आणि मानेवर धातूच्या बारीक पट्ट्या. बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी स्वर जागच्या जागी. खांब तीन आठवडे स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून वाजवत राहिला. तिसऱ्या आठवड्यात एकदा, कांदा चिरता चिरता, तिला जुना दादा ऐकू आला. आवाज वेगळा होता, पण चाल तीच, तीच ती घाई नसलेली पावलं. तिने सुरी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पण माडीवर वेगळंच घडलं. खांबाने स्पीकरची पेटी ठेवून वायर जोडली आणि पहिलं गाणं निम्म्यावर यायच्या आत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कोणी उठून गेलं नाही. सेक्रेटरींनी आपली खुर्ची उलटी फिरवली आणि स्टेजकडे पाठ करून बसले. मग अकरावी फिरली, तेरावी फिरली. बघता बघता साठ पाठी.

न्हावी ड्रमवरून कुजबुजला, “माझं बरंय, मला माणसाची मागची बाजूच ओळखता येते.” कोणी हसलं नाही.

त्यानंतर टोमण्यांना ऊत आला. “काय खांबराव, इस्त्री तापली का?” “पट्ट्या लावलेल्या मानेवर कोणीही वाजवेल हो, कुबड्या घेऊन पळण्यात कसलं कौतुक!” ज्यांच्या घराची दारं त्याने स्वतः बसवून दिली होती, ते त्याला बघून रस्ता ओलांडू लागले. कोणीतरी पेटीवर खडूने लिहिलं: विकला गेला.

“मी सांगते त्यांना,” बहीण म्हणाली. “दोन वाक्यांचं काम आहे.”

“सांगशील तर पुन्हा तुझ्या शेजारी उभा राहणार नाही.”

“अरे, पण का?”

“मग ते कीव करतील, छोटे. पाठ परवडली. कीव केलेल्या माणसाचं वाजवणं कोणी ऐकत नाही.”

तिने तोंडाला कुलूप लावलं. ती चूक होती की नव्हती, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा, न्हावीही तिथेच बसलेला असताना, सेक्रेटरी घरी आले. टोपी मांडीवर ठेवून हळू आवाजात बोलले, आणि मनापासून बोलले. माणूस दुष्ट नव्हता. “खांबराव, तुमच्यासारखा बास या गावात नाही. म्हणून तर मनाला लागतं. त्या दिवशी लाकूड घेऊन या. नाहीतर माडी दुसऱ्यांना द्यावी लागेल, तुम्हा तिघांच्या जागी.”

बहीण न्हाव्याकडे बघत होती. न्हावी आपल्या नखांकडे बघत होता. माडी गेली तर त्यांना वाजवायला गावात दुसरी जागा नव्हती.

“वस्तऱ्याच्या जागी मशीन आलं तेव्हा कोणी डोकं परत नेलं नाही,” न्हावी पुटपुटला. पण पुढे म्हणाला, “एका दिवसाचा तर प्रश्न आहे रे.”

“येतो लाकूड घेऊन,” खांब म्हणाला.

वर्धापनदिनाच्या दुपारी माडीचा जिना चढताना तो तिला म्हणाला, “आज तुझा डावा हात माझ्या वाटेत आणू नकोस.”

ती पायरीवरच थांबली. म्हणजे त्याला वर्षभर माहीत होतं.

“दादा, सगळं उघडं पडेल.”

“पडू दे. त्यांच्या कानांनाच कळू दे. मग मी सांगितलं असं होणार नाही, आणि तू सांगितलं असंही नाही.”

तिला त्याचा बेत आत्ता समजला. लाकूड बोटांचं खरं सांगेल, ऐकणारे ऐकतील, आणि मग त्या काळ्या सपाट बासला माडीवर जागा मिळेल. वीस वर्षांच्या कानांवर त्याचा तेवढा भरवसा होता.

तो वाजवू लागला. तिने डावा हात मांडीखाली दाबून धरला. पहिल्या गाण्यात चार स्वर पडले. दुसऱ्यात तिने मोजणं सोडलं. बोटं तारेवर पोचत होती पण दाबत नव्हती. तार नुसती खरखरत होती. चौथ्या गाण्यात खांब एकटाच वाजवायचा, तिथे सगळंच्या सगळं अर्ध्या स्वराने खाली गेलं, ओल्या भिंतीचा गिलावा सुटावा तसं. न्हाव्याने मान खाली घातली ती वर केली नाही.

शेवटचा स्वर विरला आणि साठ माणसं उभी राहिली.

टाळ्या थांबेनात. सेक्रेटरी रुमालाने डोळे पुसत स्टेजवर आले आणि त्यांनी खांबाचे दोन्ही हात धरले. “हा! हा तो अस्सल आवाज! लाकूड ते लाकूड! इतकं सुंदर तुम्ही कधी वाजवलं नव्हतं.”

“चौथं गाणं कसं वाटलं?” खांबाने विचारलं.

“चौथं तर कळस!”

“ते सगळं खाली होतं. अर्धा स्वर.”

“बघा, बघा यांचा विनय!” सेक्रेटरी मागे वळून लोकांना म्हणाले आणि लोक कौतुकाने हसले.

खांब हसला नाही. तो त्यांच्याकडे असा बघत होता, जसं एखादं दार चौकटीत का बसत नाही म्हणून बघावं.

“मग वीस वर्षं तुम्ही काय ऐकत होतात?”

सेक्रेटरींना प्रश्न समजला नाही. त्यांनी पुन्हा टाळी वाजवली, आणि त्यांच्यामागे माडीने.

खांबाने बास कुशीवर आडवा निजवला, हलक्या हाताने, झोपलेल्या माणसाला खाली ठेवावं तसा. बहिणीजवळून जाताना थांबला.

“घरी चल, दादा. तो दुसरा आहे ना. कोणी नाही ऐकलं तरी मी ऐकते.”

“तू ऐकतेस म्हणूनच वाजवणार नाही,” तो म्हणाला. “ऐकलंस की तुला माझं चुकलेलं झाकत बसावं लागतं.”

जिन्यावर त्याची पावलं वाजली. बहीण खिडकीशी गेली. न्हावीही तिच्या मागे येऊन उभा राहिला, ड्रमच्या काड्या अजून हातातच. खाली रस्त्यावर दुपारचं ऊन होतं. खांब घराच्या उलट दिशेने निघाला होता, लांब, सावकाश ढांगा टाकत. त्याच्या मोठ्या कोटाची पाठ तेवढी दिसत होती.

“हाक मारू का?” न्हाव्याने विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. मागे सेक्रेटरी लोकांना चौथ्या गाण्याबद्दल सांगत होते. ती दोघं कोपऱ्यापर्यंत त्याला बघत राहिली, आणि तो वळून गेल्यावरही खिडकीतून हलली नाहीत.