इंजिन नसलेल्या बसचं पीयूसी

हनीफभाई आधी गिऱ्हाईकाला गप्प करत. रहाटणीच्या चौकात त्यांची पिवळी व्हॅन उभी असे, पाठीवर ‘पीयूसी केंद्र’ असं रंगवलेलं. येणारा प्रत्येक जण घाईत. “आत्ताच सर्व्हिसिंग केलंय हो, नुसता कागद छापून द्या!” हनीफभाई सायलेन्सरमध्ये तपासणीची नळी सारत आणि म्हणत, “तुमी नका बोलू साहेब. गाडीला बोलू द्या.” धूर जास्त निघाला की कागद नाही. मग गाडी नगरसेवकाच्या भाच्याची असो नाहीतर खुद्द त्यांच्या मेव्हण्याची. मेव्हण्याने त्यावरून वर्षभर त्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

माझी स्कूटर त्यांनी दोनदा परत पाठवली. मी जाम भडकलो. “अहो, तो पलीकडचा पीयूसीवाला नंबरप्लेटच्या फोटोवर कागद देतो. गाडीसुद्धा न्यावी लागत नाही!”

“मग जावा की त्याच्याकडं. आमी काय धरून ठेवलंय?” आणि मग नळी पुसता पुसता म्हणाले, “कायदा दिल्लीत होतो, जीआर मुंबईत निघतो, मोठमोठे साहेब हवेवर मीटिंगा घेतात. पण शेवटी ते सगळं हितं, या नळीपाशी येऊन थांबतं राव. हितं मी खोटं केलं तर वरच्यांनी काय झक मारली?”

माणूस मला आवडला. चाकणच्या एका कंपनीत कामगारांच्या बसगाड्यांचं काम मी बघतो. आमच्या गेटवर पर्यावरण धोरणाची भली मोठी फ्रेम आहे. पीयूसी नसलेलं वाहन आत येणार नाही, असं तिच्यात लिहिलंय. म्हटलं, बसगाड्या हनीफभाईंकडूनच तपासून घेऊ. कुठून बुद्धी सुचली! एका दिवसात त्यांनी अकरा बस नापास केल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला निम्मी माणसं उशिरा पोचली. मॅनेजर माझ्यावर ओरडला, “कदम, मला हवा नको, शिफ्टला माणसं पाहिजेत!”

बसच्या ठेकेदाराने संध्याकाळपर्यंत पलीकडच्या केंद्रातून अकरा कागद आणून टेबलावर टाकले. बस त्याच, काळा धूर तोच. मी कागद मुकाट्याने फाइलला लावले.

त्यातली एक बस कागदावरच्या तारखेला गॅरेजमध्ये होती, हनीफभाईंनी नापास केल्यावर दुरुस्तीला गेलेली. तिचं इंजिन काढून बाजूला फळ्यांवर ठेवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि कागद म्हणत होता, धूर मर्यादेत! पुढच्याच दिवशी चहा पिताना मी हा किस्सा हनीफभाईंना हसत हसत सांगितला. ते हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, “चला, बस दाखवा.”

इंजिन अजून फळ्यांवरच होतं. त्यांनी फोटो काढले, स्वतःच्या हाताने आरटीओकडे तक्रार लिहिली, माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं. मीही मोठ्या उत्साहात ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले. लाज वाटते आता.

पलीकडच्या केंद्राने उलट तक्रार केली की हा माणूस धंद्याच्या आकसाने खोटे फोटो काढतो. आरटीओ कार्यालयाने चौकशी लावली आणि ती संपेपर्यंत बंद ठेवलं ते हनीफभाईंचंच केंद्र! पलीकडे फोटोवर कागद छापणं चालूच. इंजिनाचे फोटो कुठल्याही दिवसाचे असू शकतात, साक्षीदार आणा, असं हनीफभाईंना सांगण्यात आलं. गॅरेजचा मिस्त्री ठेकेदाराचा माणूस. उरलो मी.

“एक पान जबाब, साहेब. त्या तारखेला इंजिन बाहेर होतं, एवढंच.”

मी देतो म्हणालो. मॅनेजरला वास लागला. त्याने मला केबिनमध्ये बोलावून अगदी मायेने विचारलं, “मुलगी ताथवड्याला इंजिनिअरिंगला आहे ना तुझी? अजून दोन वर्षं?” बस्स, तेवढंच. त्या दिवसापासून मी चौक टाळून काळेवाडीवरून घरी जायला लागलो. फोन वाजला की उलटा ठेवायचो. चार महिने.

मग एका रविवारी दुपारी हनीफभाईच घरी आले. बायको-मुलगी बाहेर गेल्या होत्या. ते निम्मे झाले होते, शर्ट खांद्यावरून ओघळत होता. व्हॅन विकली म्हणाले. मी नजर वर केली नाही.

“सही मागाया न्हाई आलो. घाबरू नका,” ते म्हणाले. “सगळी म्हणत्यात, तू चुकीचं पाहिलंस. आरटीओचा साहेब म्हणतो, घरची म्हणतात. आता मलाबी तसंच वाटाया लागलंय. डोस्कं फिरलंय का माझं? तेवढं सांगा. इंजिन नव्हतं ना?”

“नव्हतं, हनीफभाई. मी पाहिलंय.”

त्यांचे डोळे भरून आले. “बास,” म्हणाले, “बास झालं.” पाणी प्यायले, माझ्या हातावर हात ठेवला आणि गेले. पुढे ते मुलीकडे सोलापूरला राहायला गेल्याचं कळलं. चौकशी अजून चालू आहे.

कृतज्ञतेने हात ठेवला होता त्यांनी. घरात आम्ही दोघंच होतो. तरीही ‘नव्हतं’ हे एवढं एक वाक्य बोलायच्या आधी मी उठून दार लावून घेतलं होतं.