आठवीचं विसावं नाव

एकोणीस नावं झाली होती आणि यादी दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत द्यायची होती. नरखेड तालुक्यातल्या त्या शाळेत मी शिपाई. शाळा सातवीपर्यंत. आठवीचा वर्ग मंजूर व्हायला पटावर, म्हणजे नाव घातलेल्या मुलांच्या यादीत, वीस नावं हवी होती. नाही भरली तर मुलगे सायकलीनं तालुक्याला गेले असते. मुलींचं शिक्षण तिथंच संपलं असतं.

माझंही असंच संपलं होतं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात सातवीपुढे वर्ग नव्हता. मावशीचे यजमान खापरखेड्याला वीजकेंद्रात होते, त्यांच्या ओळखीनं इतक्या लांब ही नोकरी मिळाली. मिळाली याचं अप्रूप आणि जाईल याची धास्ती, दोन्ही सारखीच.

हेडमास्तर म्हणाले, "कोकणी, अंजनाबाईची सुमन राहिली. मास्तर दोनदा जाऊन आले. बाईनं चहा पाजून वापस धाडलं. आता तू जा."

अंजनाबाई एकटीच्या मजुरीवर घर चालवायची. संत्र्याच्या बागेत निंदण चालू होतं, मायलेकी तण काढत होत्या. मी फी माफ, पुस्तकं शाळेची, सगळं सांगितलं. तिनं खुरपं थांबवलं नाही.

"तू किती शिकला गा?"

खोटं बोलता आलं असतं. "सातवी."

"सातवीवर तुले सरकारी नोकरी लागली. मंग मायी पोरगी आठवी करून का करन?"

मग जे कुणाला सांगितलं नव्हतं तेच तोंडून गेलं.

"अंजनाबाई, मागं हापिसातून माझ्या नावाचा कागद आला. इंग्रजीत. मला वाटलं, काढून टाकलं. विचारायची लाज वाटली. तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. शेवटी गुरुजींनी वाचला. नोकरीची मुदत वाढवल्याचा होता."

आता खुरपं थांबलं. "तीन दिवस? जेवत होता का?"

"फारसं नाही."

"पागल हायेस." खुरप्याची माती झटकत म्हणाली, "इंग्रजी आठवीत शिकवतेत का?"

"शिकवतात."

"मंग तू बी बस. तू बसशील तर पोरगी धाडीन. एकटीले नाही."

सुमन तोंडावर हात धरून हसत होती.

मी भीतभीत हेडमास्तरांना अट सांगितली. ते म्हणाले, "घंटा वेळेवर झाली पाहिजे. बाकी बस मागं."

वर्ग मंजूर झाला. इंग्रजीच्या तासाला मी शेवटच्या ओळीत बसायचो. माझं स्पेलिंग पाठ नसलं की सुमन घरी सांगायची आणि बाजारच्या दिवशी अंजनाबाई चारचौघांत विचारायची, "काहून गा, अभ्यास का नाही करून राहिला?"

निकालाच्या दिवशी अंजनाबाई शाळेत आली. सुमन पास, वर्गात दुसरी. आईनं मार्कांचा कागद नीट घडी करून ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"अन् तुले किती?"

गुरुजींनी माझाही इंग्रजीचा पेपर तपासला होता. पासाला दोन मार्क कमी होते.

"मंग पुन्हा बस आठवीत," ती म्हणाली.

बसलो. पुढं शाळेला नववीही मिळाली; सुमन नववीत गेली, मी आठवीतच. दुसऱ्यांची नावं घालायला निघालेल्या माणसानं एवढं धरून चालावं, की लोक त्याचंही नाव घालतात.